स्विस ट्रॅव्हल पास : आपल्याला परवडतोय का?

बऱ्याच जणांनी विचारलंय. सोलापुरातल्या आमच्या दुकानात चादर बघायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा उलगडलेली चादर तशीच टाकतंय आणि विचारतंय, काय वो, स्वित्झर्लंडला टूरवाल्याबरोबर जायचं का आपलं आपण, आणि तो पास घ्यायचा का नको. सारखं तेच सांगून तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठं कापला ते पुढं येईलच.

पास म्हणजे काय ते आधी. ३, ४, ६, ८ नाहीतर १५ दिवसांचा मिळतोय, सलग दिवसांचा, आणि तेवढे दिवस देशभरातली रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी, नव्वदच्या वर गावांमधल्या ट्राम आणि सिटीबस सगळं त्याच्यातच. मोबाईलवर कोड असतोय, टीसी आला की दाखवायचा, संपलं. स्टेशनात शिरायला गेट नाही काही नाही, सरळ प्लॅटफॉर्मवर, पण विनातिकीट सापडलात तर दंड असा बसतोय की ट्रिपची मजाच जाईल. १६ वर्षांखालची पोरं आईबापाबरोबर फुकट, त्याला फॅमिली कार्ड लागतंय, ते पण फुकट, पण मागून घ्यायचं, आपण होऊन कोण देत नाही. सेकंड क्लासचा तीन दिवसांचा पास अडीचशे फ्रँकच्या आसपास, दरवर्षी थोडा थोडा वाढतोय, आणि फ्रँक शंभर रुपयाच्या पुढं गेलाय. हिशोब तुम्हीच करा, पण खुर्चीत बसून करा.

आमच्यात मी, बायको, दोन पोरं आणि मामा. मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधनं रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलीय, गुडघे कामातनं गेलेत पण रेल्वे म्हणलं की एकदम तरणे. इथल्या एका टूरवाल्यानं आधीच घाबरवलं होतं की म्हाताऱ्या माणसाला घेऊन रेल्वे-बसनं फिरू नका, हाल होतील, आमची एसी बस घ्या. हाल काही झाले नाहीत, मामा फक्त एकाच गोष्टीवर चिडले, स्टेशनवरच्या संडासला पैसे का म्हणून द्यायचे. गाडीतला फुकट असतोय हे कळल्यावर त्यांनी त्यांचं टाईमटेबल त्या हिशोबानं बसवून घेतलं.

आता एक गैरसमज काढतो. स्विस रेल्वे काय फार फास्ट नाही. शेजारी फ्रान्सची टीजीव्ही तीनशेच्या वर पळतीय, ह्यांनी तसल्या लाईनींचं जाळं केलंच नाही, मेन लाईनवर दोनशेच्या आसपास आणि डोंगरात तर निवांत. तरीपण कुठल्याही कोपऱ्यातल्या खेड्यात तुम्ही ठरल्या टायमाला पोचताय, आणि त्याचं सगळं कारण टाईमटेबलात आहे. १९८२ साली त्यांनी देशभर एक पद्धत लावली, गाडी दर तासाला त्याच मिनिटाला. म्हणजे ७.०२ ला असली की ८.०२, ९.०२, रात्रीपर्यंत तेच, पाठ करायची गरजच नाही. मग पुढची पायरी म्हणजे बान २०००, हा प्रोजेक्ट १९८७ ला लोकांनी मतदान करून मंजूर केला (तिथं बोगदा खणायचा का नाही हे पण लोकांना विचारत्यात, आपल्याकडं विचारलं असतं तर अजून बैठकच चालू असती) आणि २००४ च्या डिसेंबरात तो चालू झाला. त्याच्यात काय केलं, तर मोठ्या जंक्शनला सगळ्या बाजूच्या गाड्या तास पुरा व्हायच्या थोडं आधी येऊन लागत्यात, माणसं ह्या गाडीतनं त्या गाडीत जात्यात, आणि तास झाला की सगळ्या आपापल्या वाटेनं सुटत्यात. पण हे जमायचं तर दोन जंक्शनमधलं अंतर तासाच्या जरा आत कापायला पायजे. झुरिक ते बर्न आधी तासाच्या थोडं वर लागायचं. म्हणून मध्ये मॅटश्टेटन ते रोथ्रिस्ट असा दोनशेच्या स्पीडचा नवा तुकडा टाकला आणि टाईम ५६ मिनिटांवर आणला. ५६ च का, ४५ का नाही? कारण ४५ ला पोचून पंधरा मिनिटं प्लॅटफॉर्मवर बसायचंच असलं तर त्याच्यावर पैसा कशाला घालायचा.

हे मामांना समजावून सांगितलं तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "बाळा, आपल्याकडं आधी गाडी सोडत्यात आणि मग तिला जागा शोधत्यात. ह्यांनी आधी टाईमटेबल लिहिलं आणि मग त्याच्यापुरते रूळ टाकले." मला वाटतं ह्या देशाबद्दल एवढंच कळलं तरी पुरे आहे.

आपल्याकडं पण वंदे भारत आलीच की, फेब्रुवारी २०२३ पासनं मुंबई-सोलापूर साडेसहा तासांत, गाडीबद्दल माझी काय तक्रार नाही, मस्त आहे. पण रात्री उशिरा स्टेशनाबाहेर आलं की जुळे सोलापूरला जायला रिक्षावाल्याशी जी बोलणी चालू होत्यात त्याच्यात वाचवलेला वेळ तिथंच जातोय. फास्ट गाडी ही अर्धी गोष्ट झाली, उतरल्यावर पुढं काय हे स्विसवाल्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतंय.

म्हणजे कसं ते एक जागा धरून सांगतो. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरनं डोंगराकडं जाणारी गाडी, मीटरगेजची. ही एकच गाडी पण मध्ये त्स्वायल्युट्शिनन नावाच्या बारक्या स्टेशनावर तिचे दोन तुकडे होत्यात, एक ग्रिंडेलवाल्डला जातोय, एक लाउटरब्रुनेनला. डब्यावर आणि प्लॅटफॉर्मवर लिहिलेलं असतंय, ते वाचूनच बसायचं, नाहीतर बायको एका दरीत आणि नवरा दुसऱ्या दरीत. (आमच्या डब्यात एकजण म्हणला चालंल की तसं, नाव सांगत नाही.) लाउटरब्रुनेनला उतरलो तर वेंगनला चढणारी दातेरी पट्टीची गाडी (रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी, तिच्यात गाडीचं दातेरी चाक अडकवून चढ चढायचा) तिथंच तयार, आणि स्टेशनाबाहेर पिवळी बस उभी. आम्हाला बस पायजे होती. सगळे चढले, मामा सगळ्यात मागं, काठी टेकत टेकत. ड्रायव्हर आरशात बघत होता. मामा सीटवर टेकले, काठी दोन पायांत धरली, तेव्हा दार लागलं आणि बस हलली. बोलला काय नाही, हसला पण नाही. आणि बस टायमातच पोचली, म्हणजे तो मामांना लागणारा वेळ पण कुठंतरी धरलेलाच होता.

ह्या पिवळ्या बसेस पोस्टखात्याच्या, १९०६ पासनं मोटारीवर चालतायत, जिथं रूळ संपतोय तिथनं पुढं ह्यांचं राज्य. घाटात वळणावर तीन सुरांचा हॉर्न वाजवत्यात, आणि पोस्टबस आली की डोंगरी रस्त्यावर बाकीच्यांनी वाट द्यायची असा नियमच आहे. पोरं तो हॉर्न अजून वाजवतायत, तोंडानं.

स्टेशनवरच्या घड्याळाचं सांगायलाच पायजे. सगळीकडं तेच, पांढरी तबकडी, काळे काटे, आणि सेकंदाचा काटा लाल, टोकाला गोल चकती. हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरचं १९४४ चं डिझाईन, लाल काटा नंतर बसवलेला. तो लाल काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदात फेरी मारून बाराच्या जागी येतोय आणि थांबतोय, मग मुख्य घड्याळाकडनं इशारा आला की मिनिटकाटा टुक्कन पुढं सरकतोय आणि लाल काटा परत पळायला लागतोय. देशातली सगळी स्टेशनं एकाच मिनिटावर ठेवायची ही युक्ती. थोरल्यानं मोबाईलवर स्टॉपवॉच लावून खात्री केली. २०१२ ला ॲपलनं आयपॅडमध्ये हेच डिझाईन परवानगी न घेता वापरलं होतं, मग परवाना घ्यावा लागला. आणि टायमिंगचं म्हणाल तर तीन मिनिटं उशीर झाला की तिथं गाडी लेट धरत्यात, तरीपण शंभरातल्या नव्वदच्या वर गाड्या वेळेत. तीन मिनिटं म्हणजे आपल्याकडं चहा पण गाळून होत नाही.

मामांचा जीव मात्र रेटिश बानमध्ये अडकला. पूर्वेकडच्या ग्राउब्युंडन भागातली मीटरगेज. तिची अल्बुला आणि बर्निना लाईन २००८ ला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. लांडवासर पूल ६५ मीटर उंच, वळणावर बांधलेला, आणि पूल संपतोय तोच सरळ कड्यात बोगदा, म्हणजे खिडकीतनं खाली दरी बघतोय तोवर काळोख. बर्निनाला गाडी २,२५३ मीटरवर चढतीय, सात टक्के चढ, आणि तो पण दातेरी पट्टी न लावता, नुसत्या चाकाच्या पकडीवर. मामांनी हे तीनदा विचारून घेतलं, पट्टी नाही? नक्की नाही? पुढं ब्रुझिओला उंची कमी करायला जागा नाही म्हणून रूळ गोल फिरवून आपल्याच पुलाखालनं काढलाय. आणि ह्याच लोकांनी २९ ऑक्टोबर २०२२ ला स्विस रेल्वेला १७५ वर्षं झाली म्हणून शंभर डब्यांची, १,९१० मीटर लांबीची गाडी चालवून दाखवली, पॅसेंजर गाडीचा जागतिक विक्रम.

तर मामांचं म्हणणं असं की आपली बार्शी लाईट रेल्वे काय कमी होती का? १८९७ ची गाडी, कॅल्थ्रॉपसाहेबानं बांधलेली, अडीच फुटी, जगभरच्या नॅरोगेजवाल्यांनी जिचं नाव काढलं. "आपण मोडून खाल्ली आणि ह्यांनी जपली." ऐकायला बरं वाटतंय पण मला सगळं पटलं नाही. ती लाईन ब्रॉडगेज झाली म्हणून तर २०१६ च्या दुष्काळात मिरजेवरनं लातूरला पाण्याची रेल्वे जाऊ शकली, अडीच फुटी गाडीनं एवढं पाणी कसं ओढलं असतं. स्विसवाल्यांनी बारका गेज ठेवला कारण डोंगरात वळणं घेता येत्यात आणि त्याच्यावर आजही रोजची माणसं, दूध, लाकूड, सगळं जातंय, शोभेला म्हणून ठेवलेला नाही. हे मामांना बोललो तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर हिमनदी, आत मामा कडक भाकरी मोडतायत, आणि तो कडाड आवाज अख्ख्या डब्यात.

युंगफ्राउयोख. सगळे तिथं जात्यात म्हणून सांगतो. ३,४५४ मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. आडोल्फ गुयर-झेलर नावाच्या उद्योगपतीच्या डोक्यातली कल्पना, १८९६ ला काम सुरू, १९१२ ला पुरं, तो स्वतः १८९९ लाच वारला. नऊ किलोमीटरच्या लाईनीतले सातेक किलोमीटर बोगद्यात. जुन्या वाटेनं गेलं तर आधी मीटरगेज, मग ८०० मिलिमीटर रुंद रुळांची गाडी, मग परत मीटरगेज, मामा दर ठिकाणी वाकून रूळ बघणार आणि आम्ही त्यांना उठवणार. पण लक्षात ठेवा, पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंतच चालतोय, वर नुसती पंचवीस टक्के सूट, आणि सूट काढून पण तिकीट चांगलंच झोंबतंय. सकाळी वरच्या लाईव्ह कॅमेऱ्याचं चित्र बघायचं, ढग असले तर पैसे घालू नका, पांढरी भिंत बघायला मिळतीय. त्यापेक्षा रिगीला जा, १८७१ ला सुरू झालेली युरोपातली पहिली दातेरी डोंगररेल्वे, पासात पूर्ण फुकट. लुझर्न स्टेशनातनं बाहेर आलं की समोरच बोटीचा धक्का, जुन्या वाफेच्या चाकाच्या बोटी अजून चालतायत, बोटीनं फिट्झनाऊ आणि तिथनं लाल गाडीनं वर. आमच्या अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी दिवस हाच.

दक्षिणेला जाताना गॉटहार्डचा बोगदा लागतोय, ५७ किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, १ जून २०१६ ला उद्घाटन, खर्च बारा अब्ज फ्रँकच्या वर. वर दोन किलोमीटरपेक्षा जास्त डोंगर, त्यामुळं आत खडकाचं तापमान ४५ डिग्रीच्या आसपास, म्हणजे आपला मे महिना, त्याच्यात माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं. नऊ जण गेले. त्याच्या वरचा जुना १५ किलोमीटरचा बोगदा १८८२ चा, त्यात दोनशेच्या आसपास माणसं गेली, ठेकेदार लुई फाव्र हा पण बोगद्यातच गेला, काम पुरं व्हायच्या आधी. ऑगस्ट २०२३ ला नव्या बोगद्यात मालगाडी घसरली आणि पूर्ण चालू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला, म्हणजे अडचणी तिथं पण येत्यात. बघण्यासारखं म्हणाल तर नव्या बोगद्यात वीसेक मिनिटं काळोख, बाकी काही नाही. वेळ असला तर जुन्या वरच्या लाईनीनं जा, वासेन गावाचं चर्च तीनदा दिसतंय, आधी वर, मग बरोबरीला, मग खाली, कारण गाडी डोंगराच्या आत गोल फिरत चढतीय. धाकटीला वाटलं तीन चर्च आहेत.

रस्त्यांचं थोडक्यात, आम्ही गाडी भाड्यानं घेतली नाही. मोटरवेला वर्षाचा ४० फ्रँकचा एकच स्टिकर, आता ऑनलाईन पण मिळतोय, मग टोलनाका नाहीच. स्पीड १२० च्या वर नाही. ट्रकला रात्री दहा ते पाच बंदी आणि रविवारी पण बंदी, वर किलोमीटर आणि वजनाप्रमाणं कर, म्हणून आल्प्स ओलांडणारा सत्तर टक्क्यांच्या आसपास माल रेल्वेनं जातोय. गावातनं जड वाहनं कशी जात्यात ते सोलापूरकराला सांगायला नको, त्यामुळं हे वाचून माझा जीव जळला. पण सगळं गोड पण नाही, ईस्टरला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गॉटहार्डच्या रस्ता बोगद्यापुढं किलोमीटरच्या किलोमीटर रांग लागतीय, आणि एवढी रेल्वे असून तिथला निम्म्याहून जास्त प्रवास अजून मोटारीनंच होतोय.

भाषेला घाबरू नका. जर्मन, फ्रेंच, इटालियन, रोमान्श अशा चार, गाडी पुढं गेली की अनाऊन्समेंटची भाषा बदलतीय. पूर्वभागात तेलुगू, घरात मराठी, शेजारी कन्नड, मार्केटात उर्दू, असल्या गावातनं आलेल्या माणसाला ह्याचं काय नवल. पोरं तर दोन दिवसांत "नेक्स्टर हाल्ट" (जर्मनमध्ये पुढचा थांबा) म्हणायला शिकली.

आता तो अर्धा स्टार. महाग आहे, उगाच गोड बोलत नाही. पास असून पण ग्लेशियर एक्सप्रेससारख्या मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाड्यांना रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे, आणि तीच लाईन साध्या गाडीनं, खिडकी उघडून, फुकटात होतीय, मग ते पैसे कशाला द्यायचे. रविवारी गावातली दुकानं बंद, पण मोठ्या स्टेशनातली चालू असत्यात हे ध्यानात ठेवा. शाकाहाऱ्यांनी चीज आणि ब्रेडची तयारी ठेवायची, नाहीतर आमच्यासारखी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, पण दूध-तुपाचं आणि मटणाचं काही नेऊ नका, आपल्याकडनं न्यायला बंदी आहे.

पास कुणी घ्यायचा? रोज गाव बदलणार असाल, बोटी आणि म्युझियम करणार असाल, पोरं बरोबर असतील, तर डोळे झाकून घ्या. एकाच गावात राहून एखाददुसरी मोठी सफर करायची असली तर हाफ फेअर कार्ड बघा, अर्ध्या पैशात तिकीट मिळतंय आणि युंगफ्राउला पण सूट पासापेक्षा जास्त बसतीय. हॉटेलवाल्याला गेस्ट कार्ड आहे का ते पण आधीच विचारा, बाझल, बर्न, टिचिनो अशा ठिकाणी हॉटेलात राहिलं की तिथली बस-ट्राम फुकट. एप्रिल-मे आणि नोव्हेंबरात बऱ्याच रोपवे दुरुस्तीला बंद असत्यात, तारीख बघूनच विमानाचं तिकीट काढा. आणि फर्स्ट क्लास नको, सेकंड क्लासमध्येच टीसीनं मामांना रेल्वेचे म्हणून ओळखलं आणि दोघं खाणाखुणा करत ब्रेकबद्दल पुढच्या स्टेशनापर्यंत बोलत बसले.